सम्राट अशोक : वारशाने आलेले युद्ध, स्वतः निवडलेला धम्म



आपल्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते. आपल्या मुलांच्या हातातील नाण्यावर चार सिंहांची मुद्रा असते आणि शाळेवर फडकणाऱ्या झेंड्याच्या मध्यभागी चोवीस आऱ्यांचे चक्र असते. ही मुद्रा आणि हे चक्र अशोकाचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली, तो दिवसही अशोक विजयादशमीचा. तेव्हा अशोकाचे नाव आपल्याला परके नाही. परंतु तो कोण होता असे मुलांनी विचारले, तर आपण काय सांगतो? कलिंगाचे युद्ध झाले, रक्ताचा पूर पाहिला आणि तो बौद्ध झाला. बस्स! एका वाक्यात आपण त्याला मोकळे करतो.

हे वाक्य खोटे नाही, पण ते अपुरे आहे. एका क्षणात माणूस बदलला असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात अशोकाला बदलायला वर्षे लागली आणि राज्य बदलायला त्याहून अधिक. ज्या घरांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्यांनी हा सारा प्रवास समजून घेतला पाहिजे, कारण तो आपल्याही वाट्याला आलेला आहे.

प्रथम अशोकाला वारशाने काय मिळाले ते पाहू. त्याचा आजोबा चंद्रगुप्त मौर्य. इ. स. पू. ३२१ च्या सुमारास त्याने नंदांचे राज्य घेतले. पुढे वायव्येकडून ग्रीक राजा सेल्युकस चालून आला. त्यांच्यातील भांडण इ. स. पू. ३०३ च्या सुमारास तहाने मिटले. चंद्रगुप्ताने पाचशे हत्ती दिले आणि सिंधूपलीकडचा मोठा मुलूख त्याला मिळाला. ग्रीक वकील मेगास्थनीस पाटलीपुत्राच्या दरबारी येऊन राहिला. चंद्रगुप्तानंतर त्याचा मुलगा बिंदुसार गादीवर आला. त्याने ग्रीक राजांशी मैत्री टिकवली. त्याच्याही दरबारी ग्रीक वकील असे.

म्हणजे पश्चिमेकडे तह आणि मैत्री होती. इतरत्र मात्र राज्य वाढवण्याचे काम चालू होते. अशोकाने कलिंगाखेरीज दुसरा प्रदेश जिंकल्याचे त्याचे शिलालेख सांगत नाहीत. तरीही त्याचे शिलालेख पार कर्नाटकापर्यंत सापडतात. यावरून दक्षिणेचा तो भाग आजोबाने किंवा वडिलांनी आधीच राज्याला जोडला असला पाहिजे, असे इतिहासकार मानतात. रोमन लेखक प्लिनीने पाटलीपुत्राच्या राजाच्या सैन्याचा आकडा दिला आहे : सहा लाख पायदळ, तीस हजार घोडेस्वार आणि नऊ हजार हत्ती. हा आकडा फुगवलेला असेल असे धरले, तरी एवढे सैन्य पोसणाऱ्या राज्याची घडी कशी असेल याचा विचार करा. करवसुली सैन्यासाठी, रस्ते सैन्यासाठी, अधिकारी सैन्याच्या सोयीचे. नवा राजा गादीवर बसला म्हणून असे यंत्र एका दिवसात थांबत नाही. ते आपल्या वेगाने पुढे जात राहते आणि नव्या राजालाही ओढून नेते.

अशोक असाच ओढला गेला.

त्याच्या तरुणपणाविषयी शिलालेख काही सांगत नाहीत, परंतु कथा पुष्कळ आहेत. बिंदुसाराने त्याला तक्षशिलेचे बंड शमवायला पाठवले, अशी उत्तरेकडील बौद्ध परंपरेतील कथा आहे. तेथील लोक त्याला सामोरे गेले आणि आमचे राजाशी वैर नाही, दुष्ट अमात्य आम्हाला छळतात, असे त्यांनी सांगितले. सिंहली ग्रंथ म्हणतात की तो उज्जैनचा कारभार पाहत होता, वाटेत विदिशेच्या देवीशी त्याचा विवाह झाला आणि महेंद्र व संघमित्रा ही त्यांची मुले. गादीसाठी त्याने नव्व्याण्णव भाऊ मारले असेही याच ग्रंथांत आहे. मात्र अशोकाच्या स्वतःच्या एका शिलालेखात आपल्या भावा-बहिणींच्या घरांची देखभाल अधिकाऱ्यांवर सोपवल्याचा उल्लेख आहे. सगळे भाऊ मारले असते तर हा उल्लेख कशाला आला असता? धम्माचा प्रभाव मोठा दाखवण्यासाठी आधीचा अशोक फार काळा रंगवला गेला असावा. आपण बौद्धांनी कथा ऐकावी, पण ती तपासूनही घ्यावी.

इ. स. पू. २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. पहिली आठ वर्षे त्याने राज्य कसे केले? बापजाद्यांनी केले तसेच. शिकारीच्या सहली होत्या. राजाच्या स्वयंपाकघरात हजारो प्राण्यांची कत्तल होती. पूर्वेला समुद्रकाठी कलिंग देश स्वतंत्र होता. आजच्या ओडिशाचा किनारा आणि त्याला लागून असलेला आंध्रचा काही भाग म्हणजे हा कलिंग. नंदांच्या काळी तेथे मगधाची सत्ता पोहोचली होती, पुढे तो देश मोकळा झाला होता. गंगेच्या मुखाकडून दक्षिणेत जाणारी वाट त्याच्यातून जात होती. प्लिनीच्या नोंदीत कलिंगाच्या राजाचे साठ हजार पायदळ, एक हजार घोडेस्वार आणि सातशे हत्ती आहेत. मगधाच्या मानाने हे बळ फार थोडे.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंगावर स्वारी केली. या युद्धाचे कारण त्याने कोठेही लिहिलेले नाही. आपण मात्र एवढे ध्यानात घेऊ की युद्ध करणे ही त्या राज्याची रीत होती, आणि नव्या राजाने ती रीत मोडली नव्हती. मी तर वडिलांचेच काम पुढे नेले, असे तो म्हणू शकला असता. बहुतेक राज्यकर्ते तसेच म्हणतात.

अशोक तसे म्हणाला नाही, आणि येथेच त्याचे मोठेपण आहे.

त्याने काय केले? हिशेब मांडला. दीड लाख माणसे पकडून परमुलखी नेली, एक लाख तेथेच मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली, हे त्याने दगडावर कोरून ठेवले. मेलेल्यांवरच तो थांबला नाही. त्या देशात आईवडिलांची सेवा करणारे, मित्रांशी आणि दास-नोकरांशी नीट वागणारे साधे लोक राहत होते, त्यांची ताटातूट झाली, हे त्याने लिहिले. जे स्वतः वाचले त्यांच्याही आप्तेष्टांवर संकट आले आणि ते दुःख त्यांचेही झाले, हेही त्याने लिहिले. याचा शंभरावा, हजारावा भाग माणसे जरी आज अशी मेली तरी मला ते भारी वाटेल, असा त्याचा आशय आहे. जिंकलेल्या राजाने आपल्याच विजयाचा असा जमाखर्च मांडल्याचे दुसरे उदाहरण जगाच्या इतिहासात शोधून पाहा. पराभव झाल्यावर पश्चात्ताप पुष्कळांना होतो, अशोकाला तो विजयानंतर झाला.

मग तो लगेच धम्ममय झाला काय? नाही. हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. त्याचे काही लहान शिलालेख आहेत. त्यांत तो सांगतो की मला उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले एक वर्ष मी फारसा उद्योग केला नाही. पुढे वर्षभराहून अधिक संघाच्या सहवासात राहिलो, तेव्हा कोठे नेटाने कामाला लागलो. विचार करा, बंधूंनो! एवढा मोठा सम्राट आपल्या प्रजेसमोर सांगतो की दीक्षा घेतली पण वर्षभर मी ढिलाच होतो. आपल्यापैकी किती जण असे सांगतील? दीक्षेचा दिवस हा आरंभ आहे. त्यानंतरचे वर्ष कसे गेले, हा खरा प्रश्न आहे.

आता राज्यकारभाराकडे वळू, कारण पश्चात्ताप मनात राहिला तर तो राजाच्या काय कामाचा? अशोकाने धोरण बदलले, आणि ते नुसते जाहीर करून तो थांबला नाही. युद्धाच्या नगाऱ्याच्या जागी धम्माचा घोष, शस्त्राच्या विजयाच्या जागी धम्माचा विजय, हे त्याने राज्याचे ध्येय ठरवले. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीच्या स्थानी, म्हणजे बोधगयेला गेला आणि शिकारीच्या सहलींऐवजी धम्मयात्रा सुरू झाल्या. राजाच्या रसोड्यातील कत्तल आधी दोन मोर आणि एका हरणावर आणली आणि पुढे तीही बंद करण्याचे ठरवले. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली. औषधी वनस्पती लावल्या, विहिरी खणल्या, रस्त्यांवर झाडे लावली. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर धम्ममहामात्र नावाचे नवे अधिकारी नेमले. तुरुंगातील माणसे, म्हातारी माणसे, लेकुरवाळे कैदी यांच्याकडे लक्ष देणे हेही त्यांचे काम होते. मी जेवत असेन, अंतःपुरात असेन वा बागेत असेन, लोकांचे काम कोणत्याही वेळी माझ्यापुढे आणा, असा हुकूम त्याने वार्ताहरांना दिला.

जिंकलेल्या कलिंगाचे काय? धौली आणि जौगड येथील खडकांवर युद्धाचा हिशेब सांगणारा तेरावा शिलालेख नाही. ज्यांच्या घरातली माणसे मेली त्यांना आकडे काय सांगायचे! त्या ठिकाणी अधिकाऱ्यांसाठी दोन वेगळे आदेश कोरले आहेत. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, हा पहिल्याचा गाभा. कोणालाही विनाकारण कैद होऊ नये, विनाकारण छळ होऊ नये, मत्सर, राग, घाई आणि आळस यांमुळे न्याय बिघडतो तेव्हा हे दोष टाळा, असे त्याने नगराच्या न्यायाधिकाऱ्यांना बजावले. दर पाच वर्षांनी तपासणीसाठी सौम्य स्वभावाचा अधिकारी पाठवण्याची व्यवस्था केली. उज्जैन आणि तक्षशिला येथून असे अधिकारी तीन वर्षांच्या आतच जावेत असे ठरवले. तक्षशिलेची कथा आठवा! जुलमी अमात्यांची तक्रार तरुण अशोकाने जेथे ऐकली असे कथा सांगते, त्या गावाचे नाव या तपासणीच्या हुकुमात आहे. दुसरा आदेश सीमेवरच्या न जिंकलेल्या लोकांविषयी आहे. त्यांनी माझी भीती बाळगू नये, माझ्याकडून त्यांना सुखच मिळेल, हे त्यांना पटवून द्या, असे त्यात सांगितले आहे.

एवढे सगळे सांगितल्यावर एक अवघड गोष्ट लपवणे बरे नाही. अशोकाने कलिंग परत केला नाही. पकडून नेलेली दीड लाख माणसे घरी पाठवली असेही त्याने कोठे लिहिलेले नाही. सैन्य मोडले नाही. जंगलात राहणाऱ्या जमातींना त्याने समजावले, पण पश्चात्ताप झाला तरी माझ्या हाती बळ आहे, अशी ताकीदही दिली. मृत्युदंड रद्द केला नाही. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर फाशीच्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत मात्र दिली. म्हणजे बापजाद्यांकडून आलेल्या यंत्राला त्याने लगाम घातला, त्याची दिशा बदलली, पण ते मोडून टाकले नाही.

हे ऐकून काहींचा हिरमोड होईल. पण अशोक देव नव्हता आणि आपल्याला देव नकोच आहे. तो हाडामांसाचा राज्यकर्ता होता. केलेले पाप पुसता येत नाही, पण पुढचे पाप थांबवता येते, हे त्याला कळले होते. कलिंगानंतर त्याने दुसरे युद्ध केल्याची नोंद नाही. हाताशी एवढे सैन्य असताना, दक्षिणेला चोळ, पांड्य, केरळपुत्र यांची राज्ये शेजारी असताना, इ. स. पू. २३२ च्या सुमारास तो वारला तोपर्यंत म्हणजे जवळजवळ तीस वर्षे त्याने हात आवरला. त्या राज्यांत त्याने औषधे पाठवली, सैन्य पाठवले नाही.

वारशात जसे युद्ध आले तशी मैत्रीही आली होती, हे आपण वर पाहिले. अशोकाने त्यातली मैत्री वाढवली. पश्चिमेकडच्या पाच ग्रीक राजांची नावे त्याने शिलालेखात घातली आणि त्यांच्या देशांत धम्माचे दूत पाठवल्याचे सांगितले. अफगाणिस्तानात कंदाहारला त्याचे ग्रीक भाषेतील लेख सापडले. त्यांपैकी एकात कलिंगाचे आकडेही आहेत. म्हणजे आपली चूक त्याने परक्यांना त्यांच्या भाषेत सांगितली! परंपरा सांगते की मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांच्या नेतृत्वाखाली पाटलीपुत्राला तिसरी संगीती झाली आणि नंतर भिक्षू दूरदूर गेले. महेंद्र लंकेला गेला, महाधम्मरक्खित स्थविर महाराष्ट्रात आले आणि योनक धम्मरक्खित अपरांतात, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्याकडे आले. हा योनक म्हणजे ग्रीक होता. ज्यांच्याशी आजोबा लढला त्या लोकांतला एक माणूस नातवाच्या काळात चीवर घालून आपल्या मुलखात आला.

त्याच अपरांतात सोपारा आहे, मुंबईहून लोकल गाडीने जाता येते असे नालासोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो कोणत्या साली? १९५६ साली!

हा नववा शिलालेख कशाविषयी आहे? आजारपण, मुलामुलींची लग्ने, मूल जन्मणे, प्रवासाला निघणे अशा वेळी लोक नाना विधी करतात, बायका तर फारच करतात, पण अशा विधींचे फळ थोडे, असे अशोक त्यात सांगतो. मग खरे मंगल कोणते? दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांशी संयमाने वागणे, दान करणे. बापाने मुलाला, भावाने भावाला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला हेच सांगावे, असे तो म्हणतो. आता आपल्या घरात पाहा. दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, पण मूल तापाने फणफणले की अंगारा आणायला कोण धावते? लग्नाची तारीख काढताना पंचांग कोण विचारते? आणि हा दोष बायकांच्याच माथी मारू नका. पंचांग विचारायला घरातला कर्ता पुरुषच जातो!

येथे राजाची गोष्ट आपली होते. गादीवर नवा राजा बसतो तेव्हा जुने युद्ध त्याच्या स्वाधीन होते. घर नवा धम्म स्वीकारते तेव्हा जुन्या रूढी, जुनी भांडणे, जुनी भीती तशीच घरात असते. भावकीचे वैर, बांधावरचे भांडण, पोटजातींतला उच्चनीचपणा आपण निर्माण केलेला नाही, तो आपल्याला मिळाला. पण आज तो चालू ठेवायचा की थांबवायचा, हे मात्र आपल्या हाती आहे. बापाने सुरू केले एवढ्यावर मुलाची सुटका होत नाही. अशोकाने ती सुटका घेतली नाही.

अशोकाने पुढचाही विचार केला होता. माझ्या मुलांनी आणि नातवांनी नवे विजय मिळवण्याचा विचार करू नये, आणि मिळवलाच तर क्षमा आणि सौम्य दंड पत्करावा, असे त्याने लिहून ठेवले. पण वारसा लिहून देता येतो, तो पाळणे पुढच्यांच्या हाती असते. त्याच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांत मौर्यांचे राज्य संपले. शेवटचा राजा बृहद्रथ याला इ. स. पू. १८५ च्या सुमारास त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्र शुंगाने मारले. काही इतिहासकार याचा दोष अशोकाच्या अहिंसेला देतात. पण सैन्य त्याने मोडले नव्हते हे आपण पाहिले. पन्नास वर्षांनंतरच्या पडझडीचा ठपका अहिंसेवर ठेवणे न्यायाचे नाही. उलट असे विचारावे की त्याने ठरवलेले धोरण पुढच्यांनी किती सांभाळले?

पुढे लोक त्याची लिपीही विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती वाचली तेव्हा तो पुन्हा बोलू लागला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने त्याचे चक्र झेंड्यावर घेतले आणि १९५६ साली त्याचा धम्म आपल्या घरी परत आला.

कलिंगच्या अधिकाऱ्यांना दिलेल्या आदेशात अशोकाने एक लहानशी सूचना केली होती. हा आदेश ठरावीक नक्षत्राच्या दिवशी सर्वांना वाचून दाखवावा, आणि मधल्या दिवसांतही प्रसंग पडेल तसा, ऐकणारा एकटा असला तरी त्याला ऐकवावा. बंधू-भगिनींनो, येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अशोकाची ही गोष्ट घरात मोठ्याने वाचा. विहारात वीस माणसे असतील तर वीस जणांत वाचा, घरात एकटी आजी असेल तर तिच्याजवळ बसून वाचा. आणि मुलांनी विचारले की अशोक बौद्ध कसा झाला, तर त्यांना सांगा की त्याने आपल्या हातून काय झाले ते मोजले, ते लपवले नाही, आणि पुढे कामाला लागला. पहिले वर्ष तोही ढिलाच होता, हेही सांगा. मुलांना धीर येईल, आणि आपल्यालाही.

जयभीम!